तीन प्रश्नांचं पाकीट

४ मार्च

प्रिय शेंडेफळ,

आशीर्वाद मी देत नाही आणि नमस्कार तू घालत नाहीस, त्यामुळे आपली पत्रं अशी धाडकन सुरू होतात. फोन केला असता, पण फोनवर आपलं तिसऱ्या मिनिटाला भांडण होतं. पत्रात निदान माझं वाक्य पुरं होतं.

खालच्या शिंपीकाकांच्या निरोपाला तू आलीस, त्यांच्या स्वयंपाकघरात कपबशा विसळत राहिलीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीसही. मला तुझ्याशी बोलायचं होतं. कशाबद्दल ते तुला कळलंच असेल, नसेल तर तू माझी बहीण नाहीस.

घोषणाबाईंबद्दल.

सगळं गाव त्यांना ओळखतं, म्हणजे त्यांच्या गळ्याला ओळखतं. तीस वर्षं त्या बसस्थानकावर पुकारा करायच्या, अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे म्हणून. निवृत्त झाल्या, आठ महिन्यांपूर्वी आमच्या रविवार मंडळात आल्या, आणि आता मंडळात जो कोणी मरतो त्याला निरोप त्याच देतात. मी हे काम एकवीस वर्षं केलं आहे. तुला मंडळात कधी रस नव्हता म्हणून पुन्हा सांगते. ज्यांना देवाधर्माचे विधी नको असतात त्यांच्या घरी आम्ही वही घेऊन जातो, घरच्यांना विचारतो, गेलेल्या माणसाची हकीकत लिहितो आणि चार माणसांत वाचतो. नियम एकच, बाबांनी मंडळ काढलं त्या दिवशी घातलेला. जे खरं माहीत नाही ते वाचायचं नाही.

आणि या बाईंनी शिंपीकाकांबद्दल काय वाचलं ते ऐकलंस ना? म्हणे एका मुलीला मोठ्या बहिणीचा झगा चुण्या घालून दिला, पुढे चार वर्षं दर वर्षी एक चूण उसवली, आणि तिला तो नवा वाटावा म्हणून दर वर्षी बटणं तेवढी बदलली. अख्खी खोली रडली. शिंपीकाका आपल्या खाली पंचावन्न वर्षं राहिले, मी असला झगा कधी पाहिला नाही. मला तर ते बनवलेलंच वाटलं. पण आवाज असा की बाईंनी दुधाचा हिशेब वाचला तरी लोक रुमाल काढतील. मेलेल्या माणसाला निरोप देतात की शेवटच्या गाडीला, तेच कळत नाही.

नंतर मंडळाच्या सभागृहात अध्यक्षांनी, म्हणजे आपल्या भूगोलाच्या सरांनी, सर्वांसमोर मला विचारलं की आता तुम्हाला जरा विश्रांती मिळेल, नाही का? मी सदुसष्ट वर्षांची होईन पुढच्या महिन्यात. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, मला अजून चष्म्याशिवाय चुकीचा अनुस्वार दिसतो. विश्रांती कसली मागतात माझ्यासाठी? भिंतीवर बाबांचा फोटो आहे, त्याखाली पाटीवर माझंच वाक्य रंगवलेलं आहे, आणि त्याच भिंतीखाली उभं राहून मला विश्रांती घ्यायला सांगतात.

असो. तुझं पाकीट अजून आलेलं नाही. पन्नाशी ओलांडलेल्या नातेवाइकांचीही आम्ही घेतो. तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची: आपण गेल्यावर निरोप कोणी वाचावा, माहिती कोणाला विचारावी, काय बोलू नये. पाकीट चिकटवून पाठव, कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे, पण नियम म्हणजे नियम.

तुझी
ताई


१२ मार्च

प्रिय ताई,

पत्र पोचलं. डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि एकटीच हसले. चष्म्याच्या दुकानात माझ्या शेजारी काचा घासणारी मुलगी विचारत होती काय झालं म्हणून. मी म्हटलं, माझी बहीण माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आहे आणि माझ्या मरणाची तयारी करते आहे.

तू एवढी चिडू नकोस. नव्याचे नऊ दिवस असतात, हे तूच सगळ्यांना सांगत असतेस. बाई मला वाईट वाटल्या नाहीत. आवाजाचं म्हणशील तर आवाज त्यांनी काही मंडळात येऊन मिळवलेला नाही, तो त्यांच्याकडे आधीपासून आहे. आणि लोक रडले तर काय बिघडलं? तुझ्या निरोपांना लोक टाळ्या वाजवतात. काहींना रडायचं असतं.

शिंपीकाकांच्या बटणांबद्दल मला काही म्हणायचं नाही.

इकडे सगळं ठीक. यांच्या गुडघ्याचं दुखणं तसंच आहे. लेकीला बढती मिळाली. दुकानात नवीन यंत्र आलंय, ते नंबर आपोआप सांगतं, म्हणून मालकांनी मला आता नुसती चौकटी वाकवायला बसवलंय. तेव्हा विश्रांतीचं दुःख मलाही थोडं कळतं.

पाकीट पाठवते, घाई करू नकोस. मला लिहायला वेळ लागतो. तू मात्र त्याचं उत्तर आधीच ठरवून बसली आहेस, हे काही तुमच्या मंडळाच्या नियमात बसत नसणार.

तुझी
शेंडेफळ


२७ मार्च

प्रिय शेंडेफळ,

तू कोणाच्या बाजूची आहेस ते एकदा ठरव. आणि टाळ्यांबद्दल टोमणा मारलास तो कळला मला.

या रविवारी चर्चेचा विषय काय होता माहितीय? "दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहून आपल्या पोटात का दुखतं?" विषय सुचवला प्लंबरने. तो म्हणाला समोरच्या गल्लीतल्या दुसऱ्या प्लंबरने गाडी घेतली तेव्हापासून त्याला नीट जेवण जात नाही, आणि याचं शास्त्रीय कारण त्याला हवं आहे. चर्चा रंगली. दंतवैद्यबाई म्हणाल्या की माकडांतही असं असतं. भूगोलाचे सर म्हणाले, मत्सर म्हणजे न्यायाची भूक, फक्त पत्ता चुकलेली. मी टिपणं घेत होते म्हणून मला काही बोलावं लागलं नाही. घोषणाबाई तेवढ्या बोलल्या. म्हणाल्या, त्यांना आयुष्यभर प्रवाशांचा हेवा वाटला, कारण त्या सगळ्यांना कुठे तरी पाठवत होत्या आणि स्वतः काचेच्या खोलीत बसून होत्या. सगळे हसले. मला तर संताप आला. स्वतःच्या हेव्याबद्दलही या बाईला इतकं गोड बोलता येतं.

चर्चेनंतर माझ्या कपाटापाशी तिघं आली. प्लंबर, दंतवैद्यबाई आणि वाचनालयाचे निवृत्त शिपाई. तिघांनीही आपापलं पाकीट परत मागितलं. काही तरी बदलायचं आहे म्हणाले. काय बदलायचं ते मी विचारलं नाही, विचारायचं नसतं. तिघांनीही पाकिटं माझ्यासमोरच नव्याने चिकटवली आणि तिघांपैकी एकानेही माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. शिपाई तर जाताना म्हणाले, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. मनाला काय लावून घ्यायचं नाही ते मला कळायला नको?

एकवीस वर्षं मी या गावाच्या मेलेल्यांना सांभाळलं. त्यांच्या घरच्यांना जी वाक्यं सुचली नाहीत ती मी शोधली. बाबांच्या वेळी तर मी उभी राहिले तेव्हा पाय थरथरत नव्हते, आठवतं ना तुला? "बाबांनी आयुष्यात कधी कुणापुढे हात जोडले नाहीत, त्यांचे हात कायम कामात होते." अकरा वर्षं झाली, सर अजून दर वार्षिक सभेत ते वाक्य म्हणतात. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या साध्या माणसाबद्दल एवढं नेमकं कोणी बोललंय का कुठे?

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात, ते खोटं नाही. तू तरी फिरू नकोस. पाकीट पाठव.

ताई


८ एप्रिल

प्रिय ताई,

सोबत पाकीट आहे. चिकटवलंय, वर चिकटपट्टीही लावलीय. लिहायला तीन रविवार गेले, मंडळात न येताही.

नियमाप्रमाणे ते कपाटात ठेव. बाकी बोलू सावकाश. लेकीची नवीन जागा लावायला मी आठवडाभर तिकडे जाणार आहे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. हे मी तुला शिपायांच्या पाकिटाबद्दल म्हणतेय.

तुझी
शेंडेफळ


१५ एप्रिल

बाईसाहेबांस,

पाकीट मिळालं. कपाटात ठेवलं आहे.

लेकीची जागा लागली असेल, गुडघा बरा असेल. इथे सगळं व्यवस्थित. या रविवारी रक्तदानाची आखणी झाली आणि "मुलांना मरणाबद्दल काय सांगावं" यावर चर्चा झाली. मी गेले नव्हते. डोकं दुखत होतं. घोषणाबाई आहेतच म्हणा, त्यांचं डोकं कधी दुखत नाही.

आई गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. तुझ्या वेण्या मी घातल्या, तुझ्या ताटातली शेवटची पोळी मी मोडून दिली, तुझ्या शाळेच्या प्रत्येक वहीवर नाव मी घातलं. हे कोणावर उपकार म्हणून सांगत नाही. पण ज्यांना आपली ओळख कोणाची तरी धाकटी बहीण म्हणून करून दिलेली चालत नाही, त्यांनी निदान ती ओळख कोणी, किती वर्षं, कशी सांभाळली ते आठवावं. आठ महिन्यांपूर्वी आलेल्या बाईंना तुझ्याबद्दल काय माहीत असणार? फलाट क्रमांक?

पत्र लांबवत नाही.

आपली,
(ही सही कशी करावी ते कळत नाही)


२२ एप्रिल

ताई,

तू पाकीट उघडलंस.

मी हरकत घेण्याआधी तूच स्वतःला पकडून दिलंस. "कोणाची तरी धाकटी बहीण म्हणून ओळख" हे मी कुणालाही बोलले नव्हते. ते फक्त तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात होतं. "ताईची धाकटी बहीण, असं म्हणू नये." माझेच शब्द तू मला परत वाढलेस. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या बाईने स्वतःचं पत्र एकदा तपासायचं होतं.

आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे मंडळाच्या किल्लीवालीला शोभत नाही. मला राग आला, खूप आला. दोन दिवस मी या पत्राचं उत्तरच लिहिणार नव्हते. मग वाटलं की आता पाकीट फुटलंच आहे, तर सगळंच फुटू दे.

झग्यातली ती मुलगी मीच होते, ताई. झगा तुझाच, निळा, पांढऱ्या गळपट्टीचा. तू वेण्या घालताना माझ्या पाठीमागे असायचीस, बटणं पुढे होती. शिंपीकाका दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी एक चूण उसवायचे आणि मला डब्यातून बटणं निवडू द्यायचे. पहिल्या वर्षी पिवळी. निरोपाच्या दिवशी मी त्यांच्याकडे कपबशा विसळत होते तेव्हा घोषणाबाई वही घेऊन आत आल्या. मला म्हणाल्या, तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण तुम्ही इथलं फडकं न विचारता शोधलंत, म्हणजे तुम्हाला काही तरी माहीत असणार. दहा मिनिटं बसल्या. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. ताई, त्या मंडळातल्या कोणी मला काही विचारण्याची ती पहिली वेळ. तू एकवीस वर्षं वही घेऊन घरोघर फिरलीस, पण बाबा गेले तेव्हा तू मला विचारलं नाहीस. तू सगळं आधीच लिहिलं होतंस.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. तू चाळीस मिनिटं बोललीस, कागद न बघता. तुझे बाबा पुस्तकं मोठ्याने वाचायचे, वाद घालायचे, सभेत उभे राहून प्रश्न विचारायचे. सगळं खरं. पण मी ऐकत होते आणि माझे बाबा कधी येतात त्याची वाट बघत होते. ते आलेच नाहीत. ज्यांनी मला लिफ्टच्या यंत्राच्या खोलीत नेऊन दोघांत एक डबा खाल्ला, ज्यांना विजेचा कडकडाट झाला की शीळ घालायची सवय होती, ते त्या दिवशी कोणाच्याच लेखी मेले नाहीत. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला वाटत होतं की मला वडील नव्हतेच, तुझ्या वडिलांच्या घरी मी नुसती राहायला होते.

आता ते वाक्य. भिंतीवरचं.

मी नऊ वर्षांची असताना मला ताप आला आणि रुग्णालयात ठेवलं. तुझी परीक्षा होती. बाबांनी तुला सांगितलं की ताप उतरतोय, तू अभ्यास कर. ताप उतरत नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीचं दार अर्धं उघडं होतं, आणि मी झोपलेय असं सगळ्यांना वाटत होतं. बाहेर भिंतीवर कुठल्या तरी देवाची तसबीर होती. कोणता देव ते बाबांनाही माहीत नसणार. ते कामावरून तसेच आले होते, तेलकट कपड्यांत. त्यांनी खिशातला पाना काढून बाकावर ठेवला आणि हात जोडले. बराच वेळ. ओठ हलत होते. मग वळले तर माझे डोळे उघडे. आत आले, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "ताईला सांगू नकोस."

मी एकोणपन्नास वर्षं सांगितलं नाही. जे खरं माहीत नाही ते वाचायचं नाही, हा नियम त्यांचाच, आणि तो त्यांच्याच निरोपात मोडला गेला. तुझी चूक एवढीच की तू विचारलं नाहीस. माझी ही की मी तिसऱ्या रांगेतून उठले नाही.

म्हणून माझ्या पाकिटात तुझं नाव नाही. तू मलाही फार सुंदर सांगशील, ताई. आणि त्यात मी नसेन.

शेंडेफळ


२० मे

प्रिय शेंडेफळ,

महिना गेला. पाच पत्रं लिहिली आणि पाचही फाडली. त्यांतली तीन फार चांगली होती, म्हणूनच फाडली.

आधी कबुली. पाकीट मी वाफेवर उघडलं. चहाचं आधण ठेवलं, चिकटपट्टी ब्लेडने सोडवली, आणि तुझ्या अक्षरात दुसरीचं नाव वाचलं. आधण आटून भांडं करपलं तरी मी तिथेच उभी होते. परत चिकटवलं तेही इतकं सफाईने की कोणाला कळलं नसतं. मग पत्रात मीच घोळ घातला. तुझंच पहिलं नव्हतं. त्याच्या आदल्या आठवड्यात प्लंबरचं उघडलं होतं. तिथेही घोषणाबाईच. हे मी अध्यक्षांना सांगून कपाटाची किल्ली त्यांच्या हातात ठेवली आहे. त्यांनी फक्त त्यांचं स्वतःचं पाकीट कोणत्या कप्प्यात आहे ते विचारलं.

दुसरी कबुली जड आहे. माझं पाकीट पहिल्या दिवसापासून कपाटात आहे. त्यात तुझं नाव आहे. लोकांसमोर तुझे पाय लटपटतात हे माहीत असूनही. त्यामुळे तुझं वाचून मला नुसता राग आला नाही, लाज वाटली, दारात ताटकळत उभं राहिल्यावर वाटते तशी.

आणि तिसरी. तू बाबांबद्दल लिहिलंस ते वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? बाबांनी हात जोडले याचं दुःख? नियम मोडला याचं? नाही. बाबांनी हात जोडले ते तुझ्यासाठी जोडले, हे पोटात रुतलं. माझी आतड्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. ते बाकावर वर्तमानपत्र वाचत बसले होते, आणि मी जागी झाल्यावर मला त्यातली बातमी वाचून दाखवली. मी ती गोष्ट सगळ्यांना अभिमानाने सांगत आले. आता सांगताना वाटेल, माझ्यासाठी जोडले असते का? सदुसष्टाव्या वर्षी, वडील जाऊन अकरा वर्षं झाल्यावर, लहान बहिणीच्या तापाचा हेवा करणारी बाई पाहिली आहेस का कुठे? मी रोज आरशात पाहते.

पण नियम म्हणजे नियम. परवाच्या रविवारी मी उभी राहिले आणि दुरुस्ती वाचली. निरोपांच्या फाइलीत बाबांचा कागद होता, त्यावर छापखान्यात करायचे तशी लाल शाईने खूण केली आणि समासात लिहिलं: "बाबांनी आयुष्यात एकदा हात जोडले, हातातला पाना बाकावर ठेवून, धाकट्या मुलीसाठी. ही माहिती धाकट्या मुलीकडून." पाय थरथरत होते. मग सर म्हणाले की हे वाचायची गरज होती का, लोक म्हणतील मंडळ काढणारा माणूसच कच्चा निघाला. त्यावर अर्धा तास वादावादी झाली. शेवटी प्लंबर म्हणाला, "माझी पोर तापाने फणफणत असेल ना, तर मी नळालासुद्धा हात जोडीन. आणि ती बरी झाली की परत मंडळात येईन." दंतवैद्यबाई हसल्या आणि वाद तिथेच संपला. भिंतीवरची पाटी त्यानेच शिडी लावून उतरवली. फोटो तसाच आहे. खाली भिंतीचा रंग फिकट दिसतो तेवढाच.

नंतर सगळे चहाला गेले तरी घोषणाबाई माझ्या शेजारी बसून राहिल्या. मला वाटलं आता काही तरी गोड बोलणार. त्यांनी विचारलं, "तुम्ही तेव्हा कुठे होतात?" मी म्हटलं, घरी, परीक्षेचा अभ्यास करत. मग त्या गप्प बसल्या. आणि मी बोलत सुटले. सतरा वर्षांची मी, तीन दिवस घरात एकटी, ताप उतरतोय या खोट्यावर विश्वास ठेवून भूमितीची प्रमेयं सोडवत असलेली. तू मरू शकली असतीस आणि मी वर्तुळं काढत होते, हे मला तुझ्या पत्रापर्यंत माहीतच नव्हतं. बाबांनी तुझ्यासाठी हात जोडले, आणि माझ्यापासून तेवढंच मोठं भय एकट्याने लपवलं. चहा थंड झाला. बाईंनी मध्ये तोंड उघडलं नाही. ऐकतात चांगलं. हे लिहिताना पेन जड झालंय, पण लिहिलं.

तुझं पाकीट सोबत परत पाठवते. दुसरीचंच नाव राहू दे. मला त्याबद्दल काही बोलायचा अधिकार उरलेला नाही. फक्त एक मागते, तुझे बाबा मला सांग. मी वही घेऊन येते, पुढच्या शनिवारी, सकाळच्या गाडीने. शीळ कोणत्या सुरात घालायचे इथपासून सांग. मध्ये बोलणार नाही. बोलले तर मला स्वयंपाकघरात कपबशा विसळायला पाठव.

तुझी
ताई

ता.क. निळा झगा आठवला. पांढरी गळपट्टी मीच शिवली होती. बटणं नाही आठवली.


२८ मे

प्रिय ताई,

शनिवारी ये. गाडी साडेदहाला लागते, मी स्थानकावर असेन. वही कोरी आण, आधी काही लिहून आणू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

नवीन पाकीट सोबत जोडलंय. चिकटवलेलं नाही, तुझं आणखी एक भांडं करपायला नको. वाच. पहिल्या प्रश्नाला तेच उत्तर आहे, घोषणाबाई. तेवढं मी बदलणार नाही आणि तू रुसलीस तरी चालेल. दुसऱ्यापुढे लिहिलंय: "ताईला विचारावं. सगळ्यांत आधी, आणि तिला लागेल तेवढा वेळ." तिसऱ्याचं उत्तर खोडलंय.

तुझ्या पाकिटातलं माझं नाव राहू दे. पाय लटपटले तर बसून वाचीन.

तू विचारलंस की माझ्यासाठी जोडले असते का. मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते बोलायचं नाही. पण जे पाहिलं ते सांगते. त्या दुपारी बाबा तसबिरीपुढे उभे होते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसता थकवा होता. भीती नंतर दिसली, खोलीत आल्यावर, तुझं नाव घेताना. देवाला काय वाटेल याची त्यांना काही पडलेली नव्हती. तुला काय वाटेल याची होती. जगात त्यांना फक्त एका माणसाचा धाक होता आणि ते माणूस घरी बसून भूमिती सोडवत होतं.

मी नऊ वर्षांची होते, अंगात ताप होता, आणि मला त्या क्षणी तुझा इतका हेवा वाटला की तो अजून गेलेला नाही.

तुझी धाकटी बहीण